काळी पाचची पट्टी

गुलाबराव तायडे यांच्या घरात त्या आठवड्यात दोन पेट्या एकत्र नांदत होत्या, आणि त्यांपैकी कोणती ठेवावी या प्रश्नाने त्यांचे चित्त व्यापून टाकले होते. पेटी म्हणजे कीबोर्ड. जळगाव जामोदच्या त्या गल्लीत ज्या वाद्याला काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात त्याला पेटीच म्हणतात, मग ते विजेवर चालो की भात्यावर.

जुनी पेटी गुलाबरावांनी एसटीत कंडक्टर असताना घेतलेली होती. पट्ट्या दणकट, वजन भरपूर. परंतु तिचा पडदा आंधळा झाला होता, आणि फ्लॉपीच्या फटीचा उपयोग चांगुणाबाई विजेचे बिल खोचण्यासाठी करीत. नवी पेटी हैदरच्या दुकानातून पसंतीसाठी आणलेली होती. तिला पेनड्राइव्ह लागे, तिच्या पोटात ढोलकी, तबला आणि संबळ होते, आणि एक बोट ठेवताच साथीला सारा ताफा उभा राही.

"पसंत पडली तर जुनी मले द्या, नाई पडली तर नवी वापस," असे हैदरने सांगितले होते. "पौर्णिमेपर्यंत ठेवा, गुलाबभाऊ. कायची घाई?"

पसंतीचा अधिकार मात्र चांगुणाबाईंचा होता. दर पौर्णिमेला बुद्धवंदना आटोपली की गुलाबरावांच्या बैठकीत शेजारपाजार जमे; गुलाबराव पेटी वाजवीत आणि चांगुणाबाई बुद्धगीते गात. त्यांची गाण्याची पट्टी काळी पाच. शेजारच्या रेणुकाबाई वानखडे काळी चारच्या. चारापेक्षा पाच उंच, हे गणित सर्वांना येत असल्यामुळे गल्लीत दोघींचे स्थान कायमचे ठरून गेले होते. त्यातून या बैठकीत रेणुकाबाईंचा आवाज दरवेळी खाली बसल्यासारखा वाटे, आणि चांगुणाबाई त्यांना मायेने ज्येष्ठमधाची काडी देत.

जुनी पेटी चादरीत गुंडाळून कपाटावर गेली आणि नवी स्टुलावर विराजमान झाली. गुलाबरावांनी ढोलकी सुरू केली, काळी पाच दाबली. चांगुणाबाईंनी धृपद सुखरूप पार पाडले. अंतऱ्यात मात्र आवाज वर चढता चढता मध्येच फाटला.

"थांबवा," त्या म्हणाल्या. "टोचून राह्यली ही पेटी."

"पेटी कशी टोचंन? काळी पाचच दाबली म्या."

"मंग तुमची काळी पाच टोचून राह्यली."

दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. चांगुणाबाईंनी मिठाच्या गुळण्या केल्या, हळदीचे दूध घेतले, आणि जी ज्येष्ठमधाची काडी आजवर दुसऱ्याला दिली ती स्वतःच्या दाढेखाली धरली. अंतरा काही लागेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेटीला दोष देणे सोडून दिले, आणि गुलाबरावांना खरी काळजी तेव्हा वाटली.

"पेटी चांगली हाये," त्या शांतपणे भाजी निवडत म्हणाल्या. "ठेवून घ्या. माहा आवाज गेला."

"असा कसा जाईन?"

"वय झालं. या पौर्णिमेले रेणुकाले गाऊ द्या. मी चहा करतो."

नवरा या नात्याने गुलाबरावांनी अनेक भांडणे पचवली होती; ही शरणागती त्यांना पचेना. ज्या घरात चांगुणा गाणार नाही त्या घरात नवी काय आणि जुनी काय, पेटी हवी कशाला, असा विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी हैदरला बोलावणे धाडले. चांगुणाबाई दळण घेऊन गिरणीवर गेल्या होत्या, तेवढ्यात तो आला.

"पेटी सुरात नाई तुही."

"माही?" हैदरने मोबाइल काढून सूर तपासला. "बराबर हाये. जुनी आना बरं खाली."

दोन्ही पेट्या बाजेवर शेजारी शेजारी मांडून त्याने दोन्ही हातांनी एकाच वेळी काळी पाच दाबली. बैठकीत असा काही भेसूर आवाज निघाला की ओट्यावरची मांजर उठून गेली.

"गुलाबभाऊ, ही जुनी दोन घरं खाली बोलते. कोनीतरी बटन दाबून ठेवलं. बंद केली तरी ध्यानात ठेवते ही, जुनी जात हाये. पडदा गेला, तर तुमाले दिसंन कसं?"

गुलाबरावांना प्रसेनजित आठवला. त्यांचा हा मुलगा आता दुसरबीडला मास्तर होता. परंतु लहानपणी त्याने या पेटीचे एकही बटन दाबायचे शिल्लक ठेवले नव्हते.

"म्हंजे चांगुणाची काळी पाच..."

"काळी चार," हैदर म्हणाला. "मधली पांढरी धरली की दोन घरं. पहिल्यापासून."

गुलाबराव बाजेच्या कडेला टेकले. आवाज गेलेला नव्हता, ही वार्ता आनंदाची होती. परंतु ती सांगायची म्हणजे चांगुणाबाई आणि रेणुकाबाई एकाच पायरीवर उभ्या आहेत, हेही सांगावे लागणार होते.

"हैदर, या नवीलेही दोन घरं खाली करता येते काय?"

"येते. पन पडद्यावर आकडा दिसते, कोपऱ्यात."

"वायरची चिकटपट्टी हाये तुयाजवळ?"

हैदरने पिशवीतून काळ्या चिकटपट्टीचे रीळ काढले. नखाएवढा तुकडा पडद्याच्या कोपऱ्यावर बसला. जुनी पेटी रिक्षात गेली.

संध्याकाळी चांगुणाबाईंना पुष्कळ विनवण्या करून स्टुलापुढे बसवावे लागले. अंतरा आला, आवाज चढला, आणि पूर्वीसारखा वर जाऊन निवांत बसला. त्यांनी डोळे पुसले. मग त्यांचे लक्ष पडद्याकडे गेले.

"ही पट्टी कायची?"

"तुहीच हाये," गुलाबराव म्हणाले. "म्हंजे... धूळ जाते म्हने तिथून."

पौर्णिमेला बैठक भरली. चांगुणाबाई काळी पाचमध्ये गायल्या. रेणुकाबाईंनी काळी चार मागितली, आणि त्यांचा आवाज नव्या पेटीवरही खालीच बसला.

"तुमची गोष्ट येगळी, चांगुणाबाई," त्या ज्येष्ठमध घेत म्हणाल्या. "त्या जुन्या पेटीवर घडला तुमचा गळा. हैदरजवळ हाये म्हने ती. मीच घेतो."

पुढच्या पौर्णिमेचे आमंत्रण रेणुकाबाईंनी तिथल्या तिथे देऊन टाकले. गुलाबराव मनातल्या मनात हिशेब मांडू लागले. हैदर प्रामाणिक दुकानदार. पेटी दुरुस्त केल्याशिवाय विकणार नाही. सरळ झालेल्या पेटीवर चांगुणा काळी पाच मागणार, आणि भरल्या बैठकीत आवाज फाटणार.

त्या पौर्णिमेच्या संध्याकाळी ते सर्वांच्या आधी वानखड्यांकडे पोचले. खिशात चिकटपट्टी होती. रेणुकाबाईंचे यजमान हिंमतराव एकटेच सतरंजी अंथरत होते.

"जरा वाजवून पाह्यतो, भौ. जुनी ओळख हाये," असे म्हणत गुलाबराव पेटीपाशी गेले. हैदरने पडदा खरोखरच दुरुस्त केला होता. आकडे लख्ख दिसत होते. फक्त कोपऱ्यात, नेमक्या जागी, काळ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा होता.

गुलाबरावांनी हिंमतरावांकडे पाहिले. हिंमतराव सतरंजीची सुरकुती काढण्यात गढून गेले होते.

"ही पट्टी...?"

"धूळ जाते म्हने तिथून," हिंमतराव म्हणाले. मग आवाज खाली करून म्हणाले, "रेनुका आता काळी पाचवर गाते, भौ. लय खुश हाये. हैदर ती दोन घरंही सरळ करत होता, म्याच म्हतलं, राहू दे."

इतक्यात दोघी बोलत बोलत आत आल्या.

"काळी पाच?" चांगुणाबाई विचारत होत्या. "काय केलं वं तू?"

"तुमचंच औषध. ज्येष्ठमध."

"पाह्य, मी म्हनत नव्हतो काय?" चांगुणाबाईंनी मोठ्या समाधानाने मांडी घातली.

गुलाबराव पेटीवर बसले. चिकटपट्टीचे एक टोक किंचित सुटले होते. त्यांनी अंगठ्याने ते नीट दाबले आणि काळी पाच धरली.