शेळीनं पास केलेली बाग

आमच्या बागेतली झाडं मी निवडलेली नाहीत. ती एका शेळीनं निवडली आहेत. पाहुणे आले की विचारतात, "एवढ्या उन्हात एवढी फुलं! कुणाकडून करून घेतली बाग?" मी शेजारच्या गोठ्याकडं बोट दाखवते. पाहुण्यांना वाटतं, म्हातारीला ऊन लागलंय.

शेळीचं नाव टिकली. मालक म्हाळूतात्या. त्यांचा सारा जन्म माळावर शेळ्यामेंढरं राखण्यात गेला. गुडघे गेल्यावर कळप विकला, एक टिकली तेवढी ठेवली. मी नवं रोप आणलं की तात्या पटका सावरत, टिकलीची दोरी धरून येतात. तिला रोपासमोर उभी करतात आणि स्वतः मागं हात बांधून परीक्षकासारखे थांबतात. तिनं तोंड घातलं की रोप नापास. हुंगून मान फिरवली की पास.

"जे शेळीच्या तोंडातनं वाचतं, वैनी, ते उन्हातनंबी वाचतं. मे महिन्यात माळावर काय उरतं, बघा की जाऊन!"

त्यांचा थोरला दत्ता उमरग्याची जीप चालवतो. आठवडी बाजार आला की तो टिकलीला विकायची गोष्ट काढतो. दूध आटलं, करडं थांबली, आता ठेवायची कशाला? तात्यांचं उत्तर ठरलेलं, "कामावर हाय ती. वैनीच्या बागंत."

बारा वर्षांपूर्वी मला हे शेळीशास्त्र ठाऊक नव्हतं. तेव्हा मी तरुण होते, म्हणजे अवघी अठ्ठावन्न वर्षांची, आणि तरुणपणी अक्कल कमीच असते. यांची सगळी नोकरी कोकणात झाली. निवृत्तीनंतर लोहाऱ्याला, यांच्या गावी घर बांधलं आणि मी अख्खं कोकण अंगणात उतरवायचं ठरवलं. मधोमध हिरवळ, कडेनं गुलाब, कोपऱ्यात केळ. हो, लोहाऱ्यात केळ! उन्हाळ्यात टँकर सुरू झाला. हे तांब्याभर पाण्यात अंघोळ उरकायचे आणि मी हिरवळीवर दोन बादल्या शिंपडायचे.

"मी आता हिरवळीवरच जाऊन बसतो," हे म्हणाले, "तेवढंच अंगावर पाणी पडेल."

मे महिन्यात कुंपणापलीकडून तात्यांचा पटका दिसला.

"वैनी, हितं काय लावलंय?"

"हिरवळ."

"कुठाय?"

मी बोटानं जागा दाखवली. दाखवण्यासारखं अंगणात दुसरं काही उरलंच नव्हतं.

"ही झाडं पाण्याला चटावल्याली," तात्या म्हणाले. "उद्या टिकलीला आणतो."

मला वाटलं, खत द्यायला आणतायत. टिकलीनं माझे शेवटचे दोन गुलाब काट्यांसकट खाल्ले आणि मिशीवाल्या मास्तरासारखी माझ्याकडं बघत राहिली. मी किंचाळले. तात्या शांतपणे म्हणाले, "नापास."

पावसाळ्यात तात्यांनी यादी सांगितली. तरवड, अडुळसा, कण्हेर, सदाफुली आणि दगडगोट्यांच्या वाफ्यात कोरफड. मी नाक मुरडलं. "तरवड? तो रस्त्याकडेचा?"

"व्हय, त्योच. तिथं त्याला कोण पाणी घालतंय?"

मी सगळी रोपं आणली, टिकलीनं ती हुंगून मान फिरवली. बोगनवेलीला मात्र टिकलीनं तोंड घातलं. मी हट्टाला पेटले, रुसले, चहा दिला नाही. शेवटी तात्यांनी वेलीला वरचे मार्क देऊन पास केलं, "काटं हायती. सवताचं सवता बघंल."

पाणी घालण्याचाही त्यांचा कायदा होता. "पैल्या साली लेकरू म्हणून घाला, दुसऱ्या साली सून म्हणून. तिसऱ्या साली तिचं ती बघती." सुनेला किती पाणी द्यायचं, हे मात्र मी माझ्या अनुभवानं ठरवलं.

तिसऱ्या उन्हाळ्यात गल्लीत टँकरपुढं घागरींची रांग लागली होती आणि माझ्या अंगणात कण्हेर गुलाबी, तरवड पिवळा. बोगनवेल तर लाजच सोडून फुललेली. रांगेतल्या बायका घागरी ठेवून फांद्या मागायला यायच्या. एवढं ज्ञान या माणसाकडं होतं, आणि श्रेय सगळं शेळीला!

यंदा चैत्रात मी मोगऱ्याची कुंडी आणली. खोड जात नाही. टिकली आली, हुंगली, मान फिरवली.

"पास," तात्या घाईनं म्हणाले. माझ्याकडं न बघता.

असला कोवळा, पाणीखाऊ मोगरा पास? मला शंका आली. मी घरातून मेथीची कोवळी काडी आणून तिच्यापुढं धरली. तिनं आशेनं तोंडात घेतली, घोळवली आणि खाली टाकली. मी तिचा खालचा ओठ ओढून पाहिला.

"तात्या, हिचे दात कुठायत?"

"पडलं. दोन वर्सं झाली."

"मग दोन वर्षं झाडं पास कोण करतंय?"

"म्याच." तात्या दोरीला उगाच पीळ देत राहिले. "दत्ताला बोलू नगा, वैनी. काम न्हाय म्हटल्यावर तो ठिवायचा न्हाय. म्या हाक मारली की अख्ख्या कळपाच्या माना वळायच्या. आता ही एकच वळती."

तेवढ्यात जीपची किल्ली फिरवत दत्ता दारात आला. "काय काकू, करती का काम आमची म्हातारी?"

मी पदराआड मोगऱ्याचे चार शेंडे खुडले, त्यातलं एक पान टिकलीच्या ओठात सरकवलं आणि कपाळावर हात मारला.

"करती म्हणजे? एवढ्या हौसेनं आणलेला मोगरा खाल्ला रे मेलीनं! परवा जास्वंद आणतेय, तिला पाठव म्हणजे झालं."

दत्ता हसला आणि जीपकडं गेला.

जीप कोपऱ्यावरून वळेपर्यंत तात्या हलले नाहीत. मग खाली बसले. टिकलीच्या ओठातलं पान काढून त्यांनी तळहातावर अंगठ्यानं मळून मळून मऊ केलं, आणि तिच्या तोंडाशी धरलं.