ठोंबरेबाबूंची चौकशी

दर रविवारी सकाळी साडेनऊच्या ठोक्याला आमच्या शेजारचे ठोंबरेबाबू इस्त्रीचा पांढरा शर्ट घालतात, खिशाला पेन लावतात, टेबलावर टॅब उभा करतात आणि जपानमध्ये कोणता राक्षस कोणती इमारत का पाडतोय याची चौकशी सुरू करतात. त्या अर्ध्या तासात दारावर कोणी थाप मारली तर आतून एवढंच ऐकू येतं, "जबाब चालू हाय!"

एकदा मी विचारलं, "काका, घरात एकटेच तर असता. मग बनियानवर बसलं तर काय होतं?"

"मॅडम," ते म्हणाले, "समोरचा माणूस जिवावर उदार होऊन बयाण देऊन राह्यला. अन् मी बनियानवर ऐकू?"

कारंजा घाडग्याच्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे बडेबाबू म्हणतात. वय एकाहत्तर. सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण नोकरीतली शेवटची वीस वर्षं त्यांनी खात्यातल्या चौकश्यांचे जबाब लिहून घेण्यात काढली. कोण उशिरा का आला, कोणी साहेबांच्या टेबलावर डबा का आपटला, अशा शेकडो गुन्ह्यांची कारणं त्यांच्या अक्षरात कुठल्या तरी कपाटात आजही असतील. निवृत्त झाल्यावर लोक भजनी मंडळात जातात, पपईची झाडं लावतात. बडेबाबूंना काहीच जमलं नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी सुमनकाकू गेल्या, तेव्हा तर ते दिवसभर वर्तमानपत्र उलटं-सुलटं करत बसायचे. मग पुण्याच्या मुलीने टॅब पाठवला. बातम्या लावता लावता त्यांचं बोट भलतीकडेच पडलं आणि पडद्यावर एक शिंगवाला राक्षस आख्खा पूल मोडताना दिसला. ते बंद करणार, तेवढ्यात तो राक्षस हिंदीत ओरडला, "मेरा दर्द तुम क्या जानो!"

बडेबाबू खुर्ची ओढून बसले.

"मंग लिहून दे ना बावा," ते त्याला म्हणाले. "लिहून देल्ल्याशिवाय कसं समजन?"

त्या मालिकेचं जपानी नाव एखाद्या सरकारी परिपत्रकाच्या विषयाएवढं लांब आहे. पात्रांची नावं बडेबाबूंच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी ती सरळ बदलून टाकली. राक्षसांशी लढणाऱ्या टोळीचा तांबड्या पोशाखातला पुढारी तो लाल्या. निळा तो निळोबा. हिरवी आणि पिवळी या दोन मुली, त्यांना ते हिरवाबाई आणि पिवळाबाई म्हणतात. शत्रुपक्षाच्या महाराणीला मात्र पूर्ण मान देऊन 'राणीसाहेब'. आणि लाल्याच्या टोळीला नंतर येऊन मिळालेला, कमी बोलणारा, तो चंदेरी. प्रत्येकाची दोरीची फाईल. फाईलवर नाव, रंग, अपराध, सांगितलेले कारण आणि शेवटचा, सगळ्यात रुंद रकाना, 'खरे कारण'.

"गुन्हा तं कोणालेही दिसते," हे त्यांचं आवडतं वाक्य. "हेतू पाहा, मॅडम, हेतू!"

आता हे खरं, की हेतू शोधताना त्यांची नोकरी मध्येमध्ये डोकावते. एक राक्षस शहरातली सगळी घड्याळं बंद पाडत होता, तर बडेबाबूंनी लिहिलं, 'बदली रखडली असावी.' सावल्या गिळणारा एक होता, त्याच्यापुढे 'वरिष्ठांनी सर्वांदेखत अपमान केला.' गंमत अशी की हे दुसरं अगदी बरोबर निघालं. पुढच्या रविवारी राणीसाहेबांनी त्याला दरबारात लाथाडल्याचं दाखवलं आणि बडेबाबू ती फाईल घेऊन आमच्या घरी आले, नातवाचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसे.

आमच्या घरी त्यांची बैठक रविवारी अकराला. मी शाळेत विज्ञान शिकवते, रविवारी मला हजार कामं असतात, पण त्यांना चहा दिल्याशिवाय माझी सुटका नाही. खरा रस घेतात त्या माझ्या सासूबाई. त्या हिंगणीच्या, कान थोडे कमी. पहिल्यांदा बडेबाबूंनी दारातूनच जाहीर केलं, "चंदेरी फितूर झाला!" तेव्हा सासूबाईंनी भाजी निवडायची थांबवली.

"कोणाचा पोरगा हाय तो?"

"माय-बाप नाईत त्याले. एक बहीण होती."

"होती म्हंजे?"

"गाव जळालं त्यात गेली."

"अगं माय!" सासूबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मंग कोणाकडं गेला तो?"

"राणीसाहेबाकडं."

"तिथं जेवाले तं देतात ना त्याले?"

मी सांगून पाहिलं की आई, ही मालिका आहे, जपानची. त्या म्हणाल्या, "जपानचा असो का कुठचा, उपाशी कसा राहीन?" तेव्हापासून दर रविवारी त्या चंदेरीची चौकशी करतात, आणि ते जेवणाचं काही दाखवत नाहीत ही त्यांची त्या मालिकेविरुद्ध कायमची तक्रार आहे.

बडेबाबूंची ही सवय टॅबपुरती राहिली असती तर गल्लीला त्रास नव्हता. मागच्या उन्हाळ्यात आमचा नळ सोडणारा धनराज रोजच्या वेळेच्या तासभर आधीच नळ सोडू लागला. निम्म्या घरांच्या बादल्या रिकाम्या राहू लागल्या. लोक अर्ज करायला निघाले. बडेबाबूंनी सगळ्यांना अडवलं. "फाईल उघडल्याशिवाय बंद करता काय?" ते स्वतः पेन-कागद घेऊन धनराजच्या मागे लागले. आधी त्यांचा संशय होता सूड. मग वरून दबाव. मग त्याला कोणी तरी फितवलं असावं. चार दिवसांनी धनराजने हात जोडून सांगितलं, "बाबू, नळाच्या चावीपाशी त्या वळणावर सात वाजता एक कुत्रं येऊन बसते. मले दोनदा चावलं. म्हणून मी त्याच्या आधी येतो."

बडेबाबूंचा चेहरा पडला. पण माणूस प्रामाणिक. त्यांनी रुंद रकान्यात लिहिलं: 'खरे कारण – कुत्रे.' आणि दुसऱ्या दिवसापासून काठी घेऊन सात वाजता त्या वळणावर स्वतः उभे राहू लागले. नळ वेळेवर आला.

चंदेरीची फाईल मात्र आठ-दहा रविवार उघडीच राहिली. माझ्या नवऱ्याचं मत, त्याला सत्ता हवी. बडेबाबू मान हलवायचे. "हे सांगितलेलं कारण झालं, जवाईबापू. आतलं वेगळं हाय." (माझं माहेर वडनेरच्या बाजूचं, सुमनकाकूंचंही तिकडचंच. तेवढ्यावर माझा नवरा त्यांचा जावई झाला होता.)

अखेर तो भाग आला. मी नेमकी हळद द्यायला त्यांच्याकडे गेले होते, आणि कधी नव्हे ते त्यांनी मला आत घेतलं. चंदेरी आणि लाल्या जळक्या गावाच्या राखेत समोरासमोर उभे. चंदेरीला इतकी वर्षं वाटत होतं की त्याच्या बहिणीला आगीत सोडून लाल्या पळाला. लाल्याने तर तिला बाहेर काढायला स्वतःचा हात जाळून घेतला होता. तिनेच त्याला शपथ घातली होती, भावाला माझे हाल सांगू नकोस. चंदेरीने विचारलं नाही, लाल्याने सांगितलं नाही, आणि एवढ्यावर अख्खं युद्ध पेटलं होतं.

मला वाटलं, बडेबाबू आता उडी मारतील. त्यांनी पेन उचललं, फाईल उघडली आणि तसेच बसून राहिले. अकराला ते चहाला आले नाहीत. सोमवारी नाहीत, मंगळवारी नाहीत. शुक्रवारी आले ते दारातच उभे राहिले.

"मॅडम, रविवारी तुमची गाडी रिकामी हाय का? वडनेरले जायचं होतं. सकाळीच."

"रविवारी सकाळी? आणि तुमचा भाग?"

"तो पाहू नंतर."

गाडी मीच चालवत होते. आर्वी मागे पडली. मग बडेबाबू समोर बघत सांगू लागले. वडनेर हे सुमनकाकूंचं माहेर. लग्नापासून एकही भाऊबीज त्यांनी चुकवली नव्हती. चार दिवस माहेरी, मग परत. मुलगी होस्टेलला गेली त्याच्या पुढच्या दिवाळीला त्या म्हणाल्या, "यंदा राहू द्या." त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. असं करत करत बारा वर्षं. जायच्या दिवसापर्यंत त्या पुन्हा माहेरी गेल्या नाहीत.

"तुम्ही विचारलं नाही?"

"नाई विचारलं." ते म्हणाले, "मले सोयीचं झालतं, मॅडम. खोटं काऊन बोलू? दिवाळीत घरचं जेवण भेटे. साऱ्या कचेरीचे जबाब लिहिले मी. घरात एक ओळ नाई लिहिली."

सुमनकाकूंच्या अंत्यविधीला त्यांचे भाऊ किसनराव आले होते, हे मलाही आठवत होतं. लांब उभे राहिले, बडेबाबूंशी बोलले नाहीत, पाणी न पिता निघून गेले. बडेबाबूंनी तेव्हा ठरवून टाकलं होतं की माणूस घमेंडी आहे.

किसनराव ओसरीत कापसाच्या गाठोड्याला टेकून बसले होते. उठले नाहीत. त्यांच्या बायकोने, शांताबाईंनी, पाणी आणून ठेवलं. बडेबाबूंनी खिशातलं पेन काढलं, हातात फिरवलं, परत खिशात ठेवलं.

"किसनराव, एक विचाराचं होतं. सुमन इकडं यायची काऊन बंद झाली?"

किसनराव सरळ होऊन बसले.

"तुमी मले विचारून राह्यले? तुमीच तं येऊ देत नव्हते तिले."

"मी? कोण म्हणलं?"

"तिनंच. दर दिवाळीले फोनवर सांगे, आमच्या ह्यायले चालत नाई, दादा. बारा वर्षं मी ओवाळून घ्याले बसलो नाई. माही एकच बहीण होती."

 इतके राक्षस बडेबाबूंनी तपासले होते, पण वडनेरच्या या ओसरीवर बारा वर्षं आपल्याच नावाची फाईल उघडी आहे, याची त्यांना कल्पना नव्हती. ते काही म्हणणार, तेवढ्यात दाराच्या चौकटीला धरून उभ्या असलेल्या शांताबाई बोलल्या.

"बडेबाबूयनं कधी नाई अडवलं तिले."

किसनराव मागे वळले. "तुले काय मालूम?"

"मले सारं मालूम हाय. तिनं शप्पत घातलती म्हणून बोलली नाई." मग त्या बडेबाबूंकडे न बघता, जमिनीकडे बघत सांगू लागल्या. "शेवटच्या भाऊबिजेले ती इथून घरी परत गेली तं बडेबाबू दारातल्या पायरीवर बसले होते. बस येते तिकडं तोंड करून. तिनं पुसलं, कधीचे बसले? तं म्हणे, आत्ताच आलो. शेजारणीनं सांगतलं, चार दिवस झाले, कचेरीतून आले का तिथंच बसतात. चुलीपाशी जात नाईत. कोणी ताट आणून देल्लं तं म्हणतात, जेवलो. पोरगीही घरी नव्हती त्या साली. सुमनताई मले फोनवर म्हणाली, वयनी, ह्यायले माह्याबिगर करमत नाई, पण हे मरतीन, सांगणार नाईत."

"मंग खरं काऊन नाई सांगतलं मले?" किसनरावांचा आवाज चिरकला.

"तुमी हसले असते. साऱ्या गावात सांगत फिरले असते, बडेबाबू बायकोसाठी पायरीवर बसते. ती म्हणे, दादा रागावला तं रागावू दे, पण माह्या माणसाले कोणी हसाले नको."

 बडेबाबूंनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिले, काच कोरडी झाली तरी पुसत राहिले.

किसनराव उठले. त्यांना वाटेल ते बोलता आलं असतं. ते बडेबाबूंजवळ येऊन बसले, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि आत बघून म्हणाले, "पाट मांड. दोघायचे."

जेवताना ते दोघे सुमनकाकूंबद्दल एक शब्द बोलले नाहीत. कापसाचं बोलले, पाण्याचं बोलले, आणि एकमेकांना भात वाढायचा आग्रह करत राहिले. निघताना शांताबाईंनी मला आत नेलं, पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि माझी ओटी भरली. तांदूळ, नारळ, हिरवा खण. "मी तुमची कोणी नाही," असं मी म्हणायला गेले. त्या म्हणाल्या, "ह्या घरून बाई रिकामी जात नाई. सुमनताईचं बारा वर्षांचं राह्यलं हाय." बाहेर बडेबाबू गाडीकडे तोंड करून उभे होते.

परतताना वर्धा आलं. मी एकदा विचारलं, काच खाली करू का, तर त्यांनी मान हलवली. गाव सोडून रस्ता मोकळा झाल्यावर त्यांनी मागच्या सीटवरच्या ओटीच्या पिशवीकडे पाहिलं.

"मॅडम, ते तांदूळ तुमी देवापुढं ठेवून देऊ नका."

"मग? काय करू?"

"शिजवा. आज संध्याकाळीच." ते खिडकीबाहेर बघत होते. "मी येतो तुमच्याकडं जेवाले. मले एकट्यानं जेवण जात नाई."

तेरा वर्षं मी त्यांच्या शेजारी राहते. हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं. मी गाडी थोडी हळू केली आणि म्हटलं, "या काका. रोज या."