हद्दीपलीकडचं पेट्रोल

मोटारीच्या नुसत्या आवाजावरून तिच्या पोटात कोणत्या राज्याचं पेट्रोल आहे ते नरसिंगराव अण्णा सांगत. आमच्या चामराजपेटच्या गल्लीतून एखादी गाडी खोकत गेली की म्हणत, "म्हैसूर! जास्त कर भरलाय, म्हणून रडतेय." सुरळीत गेली तर, "होसूरचं! मद्रास सरकारचं!" गाडी थांबवून खात्री करून घ्यायचीही त्यांची तयारी असे; आम्हीच अडवायचो.

अण्णांना जाऊन महिना झाला. गल्लीतून गाड्या आता नुसत्याच जातात.

पोस्टातून निवृत्त झाल्यावर, मायदेशी परतणाऱ्या कोण्या साहेबाची जुनी मोटार त्यांनी घेतली होती. तिचा डावा दरवाजा सुतळीनं बांधलेला असे, पण दर रविवारी ती अत्तिबेलेच्या नाक्यावर राज्याची हद्द ओलांडून मद्रासकडचं होसूर गाठी. तिकडे विक्रीकर कमी, म्हणून पेट्रोल स्वस्त. येताना साबण, काड्यापेट्या आणत. एकदा सायकलची ट्यूब आणली. सायकल त्यांच्याकडे नव्हती.

"वाचवलेलं सगळं जाण्यायेण्यातच जळतं," त्यांच्या पत्नी काशीअक्का दारातून ओरडत. "घरी येतो तो धूर!"

"स्वल्प डोकं चालव गं! सरकारला चकवायचं म्हणजे एवढा खर्च यायचाच!"

एका रविवारी त्यांनी मला पुस्तकातून उठवलं. "मास्तर, चला. गाडी हलकी असली की उडते."

काय ती स्वारी! चढावर अण्णा "मगा, मगा" म्हणत गाडीला लेकरासारखं चुचकारत. उतार आला की इंजिन बंद करून ओरडत, "फुकट चाललोय मास्तर, फुकट!" मीही कधी ओरडायला लागलो, मला कळलं नाही. पलीकडे दारूबंदी, त्यामुळे नाक्यावरच्या शिपायानं सीटखालचा थर्मास काढून हुंगला.

"कॉफी आहे," अण्णा म्हणाले. "पण तिचा कर इकडे भरलाय, साहेब."

होसूरच्या पेट्रोल बंकावर टाकी भरली. मग अण्णांनी गाडी मागच्या गल्लीत एका घरापुढे उभी करून हॉर्न दिला. आतून धावत आली ती त्यांची मुलगी, पद्मा. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. आणि लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही अण्णांच्या घराण्याची रीत. काही कामाशिवाय तिच्या सासरी जाणं तर त्याहून वाईट दिसे. म्हणून अण्णा गाडीच्या पायरीवर बसून आपलीच कॉफी पीत, आणि पद्मा फाटकाला टेकून बोलत राही.

ओसरीवरून तिच्या सासऱ्यांनी विचारलं, "काय राव, पेट्रोलला का?"

"हो हो, पेट्रोलला! पेट्रोलला!" अण्णा घाईनं उभेच राहिले.

पुढल्या वर्षी दोन्हीकडचा कर सारखा झाला. पेपरातली बातमी मीच त्यांना वाचून दाखवली.

"परत वाचा, मास्तर."

परत वाचली.

"साबण?"

"साबणही."

"काड्यापेट्या तरी?"

मी नकारार्थी मान हलवली.

त्या रविवारी गाडी दारातच राहिली. अण्णा कोट घालून, टोपी मांडीवर ठेवून ओट्यावर बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो.

"आता काय सांगू तिथं?" ते हळूच म्हणाले. "लेकीला बघायला आलो, असं सांगू? तिला सासरी बोलणी खावी लागतील, मास्तर."

काशीअक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या. नवऱ्याच्या मांडीवरची टोपी त्यांनी पाहिली.

"होसूरच्या बाजारात चिंच स्वस्त झालीय म्हणे."

अण्णांनी मान वर केली. "कोण म्हणालं?"

"म्हणालं कोणीतरी. आणि तुम्हाला चिंच पारखता येत नाही. मीच येते."

त्याच आठवड्यात त्यांनी आमच्या ओट्यावर बसून वर्षभराची चिंच फोडली होती, मीठ लावून बरण्या भरल्या होत्या. त्या लुगडं बदलायला आत गेल्या, तोवर अण्णांनी गाडी सुरू करून हॉर्नवर हात ठेवलाही होता.

"अगं चल लवकर! भाव वाढायच्या आत पोचायला हवं!"