सासरेबुवांचा तुरा

वर्षअखेरीला घर घासूनपुसून काढल्याशिवाय नवीन वर्ष उंबरठा ओलांडत नाही, अशी जपानमधल्या आमच्या ओनोमिची बंदरात सगळ्यांची खात्री आहे. मी घरजावई, त्यामुळे फडकं माझ्याच हातात असतं.

यंदा नेमके सफाईच्याच दिवशी सासरेबुवा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरी यायचे होते. त्यांना आणायला निघताना शिओरीने, म्हणजे बायकोने, बजावलं की सगळं घासा, बाबांच्या माशांच्या पेटीची मात्र नुसती काच पुसा. पेटीत मासे नाहीतच. खाऱ्या पाण्यात बाबांचा लाडका नळीकिडा असतो. चामड्यासारखी नळी आणि तिच्या तोंडाशी पिसांचा तांबूस तुरा. सासऱ्यांनी माझ्यावर सोपवलेली ही पहिलीच जिवंत वस्तू. (निर्जीवांत एक छत्री होती. ती हरवली.)

काच पुसता पुसता मी खाली बसलो. तुरा हलत होता, पंप गुणगुणत होता, लांबून बोटींची घरघर येत होती. हळूहळू वाटायला लागलं की पाण्यात मीच आहे, मलाही तुरा आहे आणि मला कुणी काही घासायला सांगत नाहीये. काय सुख होतं म्हणून सांगू!

जाग आली तेव्हा नळीवर पांढरे फोड दिसले. तांदळाएवढे, टोकाला बारीक लव असलेले. आता सासरे येणार आणि किडा आजारी! जुना टूथब्रश हातात होताच. हलक्या हाताने सगळे फोड खरवडले. नळी लख्ख झाली. मग किड्याने शांतपणे आपला तुराच सोडून दिला. तो तरंगत तरंगत वाळूवर जाऊन बसला.

सासरे आले ते काठी टेकत थेट पेटीपाशी. मी सगळं सांगून टाकलं. शिओरीने कपाळावर हात मारून घेतला.

"फोड नव्हते ते," सासरे म्हणाले. "बारीक स्पंज होते. पाणी नीट राखलं तरच उगवतात. हॉस्पिटलातल्या अख्ख्या वॉर्डाला बघायला बोलावून आलोय मी."

"आणि किडा? गेला का हो?"

"छे. फार छळलं की तुरा टाकतो. काही आठवड्यांत नवा येतो."

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, चला, म्हणजे तसं काही बिघडलं नाही.

सासऱ्यांनी लोकरीची टोपी काढली आणि तुळतुळीत टकलावरून सावकाश हात फिरवला.

"किड्याचं बरं आहे, जावईबापू. तुम्ही या घरात आलात तेव्हा माझ्याही डोक्यावर केस होते. मी अजून वाट बघतोय."