चांगुणेच्या लंगड्या पायाची हकिकत

श्रीगजवदन प्रसन्न असोत. शके अठराशे चौऱ्याण्णव, परिधावी संवत्सरी, माघमासी, परगणे पाथर्डी येथे दुष्काळी कामावर खडी फोडताना एका गोष्टीवरून जो रणसंग्राम माजला, त्याची हकिकत आम्हांस कोणी पुसली नाही. तरी लिहितो, कारण न लिहावी तर आमचे पोट दुखते.

ते समयी वज्रचुडेमंडित राहीबाई, पायाने अधू परंतु हातोड्याने जबर, भाकरीच्या सुट्टीत बाभळीखाली गोष्टीचा दरबार भरवीत. कायदा ऐसा की, गोष्टीतली बाई दुवाट्यावर आली म्हणजे राहीबाईंनी थांबावे, आणि बारा जणींनी आपापला खडा डाव्या वा उजव्या अंगास टाकावा, आणि जिकडे खडे जास्त तिकडे बाईने कूच करावे. बाई मात्र राहीबाईंची: नाव चांगुणा, पाय लंगडा, हाती काठी, जीभ तिखट.

मग दहावे दिवशी बारा जणींतल्या छबूबाईंनी बंड पुकारिले की, "आमी हितं उन्हात दिसभर लंगडतोयच की! गोष्टीतली तरी धड चालू द्या." एवढ्याने सारी फौज फितूर जाहली, आणि जिने तिने चांगुणेस आपल्या मर्जीने सजविण्याचा हक्क मागितला. मग कोणी ठुशी घातली, आणि कोणी पैठणी नेसविली, आणि कोणी तिची सासूच नाहीशी केली, आणि छबूबाईंनी पाय सरळ करून वर पैंजण चढविले. राहीबाईंस हे फार लागले. आपलाच पाय चारचौघींत नापसंत जाहला ऐसे वाटून त्या इतकेच वदल्या, "तुमची बाई, तुमीच चालवा."

मग गोष्टीची सरदारी छबूबाईंकडे आली, आणि नटलेली चांगुणा मोठ्या थाटात निघाली, ती थेट एका पडक्या विहिरीपाशी. आत करडू पडलेले, दोर हाताशी, परंतु रहाट मोडलेला. दोर बांधावा तो कोणत्या आधारास? खडे डावीकडे पडले, उजवीकडे पडले, करडू आतच. दोन दिवस मसलत चालली. बनुबाईंस भाकर गोड लागेना. मुकादम गहिनीनाथराव खडी कमी का भरली म्हणून दरडावण्यास आले, ते "मंग काढलं का न्हाई अजून?" ऐसे पुसून तेथेच बसले.

तिसरे दिवशी छबूबाई राहीबाईंपुढे उभ्या राहिल्या. "आक्का, काठी पायजे. आडवी टाकून दोर बांधायला."

"धड पायाच्या बाईकडं काठी कशाला असंल?"

मग छबूबाईंनी डोळ्यांस पदर लावून अर्ज केला, "चुकलं आमचं. तिचा पाय तिला माघारी द्या, आक्का." आणि बाराचे बारा खडे एका अंगास पडले.

मग राहीबाईंनी गोष्ट हाती घेतली, आणि काठी विहिरीच्या तोंडावर आडवी बसली, आणि चांगुणा दोर धरून उतरली, आणि करडू काखेत मारून वर आली. गहिनीनाथरावांनी सुट्टी संपल्याची शिटी उशिराने फुंकली.

येणेप्रमाणे फत्ते होऊन तह जाहला: बाई सांगणारीची, वाट ऐकणारींची. ठुशी, पैठणी माघारी गेल्या, सासू पुनश्च हजर जाहली. एक पैंजण मात्र राहीबाईंनी आपखुशीने राहू दिले, तेही लंगड्या पायात. बाभळीच्या साक्षीने मोर्तब.