देणगीदार : एक निसर्गप्रेमी

फेब्रुवारीतल्या एका रविवारी माझी बायको गिरिजा हॉस्पिटलच्या ड्यूटीवर होती, मुलगी वल्लरी मैत्रिणीकडे गेली होती, आणि मी आमच्या गच्चीवरचा कूलर देऊन टाकला.

देऊन टाकला म्हणजे विकला नाही की फेकला नाही. पर्यावरणासाठी दिला.

मी जयपूरला, मानसरोवरमधल्या आमच्या कॉलनीच्या वाचनालयाचा ग्रंथपाल. (गिरिजा डॉक्टर. तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून आम्ही सांगलीहून आलो. म्हणजे ती नोकरीसाठी आली, मी सामानाबरोबर आलो.) जानेवारीत ग्रंथपालांचं एक शिबिर झालं. विषय होता, वाचनालयांनी पर्यावरणासाठी काय करावं. वक्ते म्हणाले की घरोघरी ड्रिल मशीन असतं आणि ते जन्मात दहा मिनिटं चालतं. वाचनालयाने पुस्तकांसारख्या वस्तूही वापरायला द्याव्यात, म्हणजे लोक कमी विकत घेतील आणि कचरा कमी होईल. ज्या वस्तूला सहा महिने हात लागला नाही, ती दुसऱ्याच्या कामी यावी. मी भारावून गेलो. (जेवणही चांगलं होतं.)

आल्याबरोबर मी 'वस्तू विभाग' उघडला आणि देणग्यांचं आवाहन केलं. दोन आठवड्यांत काटे नसलेलं एक घड्याळ, एक पायरी कमी असलेली शिडी आणि न उघडणाऱ्या तीन छत्र्या जमल्या. आमचे शिपाई देवराम गेली वीस वर्षं वाचनालयात आहेत. त्यांनी सगळ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "सर, यह तो कबाड़ी विभाग हो गया."

ते मला लागलं. एखादी तरी धड वस्तू हवी, ती आपणच द्यावी, असं ठरवून मी गच्चीवर गेलो. ताडपत्रीखाली कूलर होता. ऑगस्टपासून त्याला कोणी हात लावला नव्हता. नियमात बसत होता. मी आणि देवरामनी हातगाडीवर घालून तो नेला, त्याच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने 'व/६' असा क्रमांक घातला आणि रजिस्टरात देणगीदाराच्या रकान्यात मी 'एक निसर्गप्रेमी' असं लिहिलं. नम्रपणा म्हणून. (शिवाय गिरिजा अधूनमधून वाचनालयात येते.)

माझा हिशोब सरळ होता. थंडीच्या दिवसांत कूलर कोण नेणार? महिनाभर तो विभागाची शोभा वाढवेल, मग मी गुपचूप घरी आणीन. फक्त एक चूक झाली. अवजड वस्तू दर पंधरा दिवसांनी कोण उचलून आणणार, म्हणून त्यांची मुदत मी चार महिने ठेवली होती. नियम मीच लिहिला, सही मीच केली.

एक मार्चला आमच्या समितीच्या अध्यक्षा शेखावत मॅडम आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, अख्खी कॉलनी त्यांना बघून सरळ चालते. त्यांनी कूलर पसंत केला, रजिस्टरात सही केली आणि म्हणाल्या, "श्यामकांतजी, मी यंदा एसी घेणार होते. आता नाही घेत. तुमच्या वाचनालयाने माझे डोळे उघडले."

त्याच क्षणी माझेही उघडले.

एप्रिल आला. जयपूरच्या एप्रिलबद्दल मी काय सांगू, नळाचं पाणी चहाला परस्पर चालतं. गिरिजा म्हणाली, "अहो, कूलर खाली आणा."

"सर्व्हिसिंगला दिलाय," मी म्हणालो.

हे आठ दिवस पुरलं. मग मी पंप बिघडवला. मग पंपाचा भाग दिल्लीहून मागवला. मग वाळ्याच्या पट्ट्या मिळत नाहीत असं सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी वल्लरीने कोपऱ्यावरच्या दुकानात वाळ्याच्या पट्ट्यांचा ढीग पाहिला. ती दहा वर्षांची आहे आणि जयपूरचीच आहे.

"पप्पा, तो मेकॅनिक भैया, मतलब, खरंच आहे का?"

मी तिला कुल्फी दिली.

पण गिरिजा ड्यूटीवरून यायची, ओला टॉवेल मानेवर टाकून जमिनीवर पडायची, तेव्हा मला जेवण जात नसे. शेवटी मी देवरामना विश्वासात घेतलं. मॅडमची मुदत कधी संपते ते विचारलं.

"तीस जून," रजिस्टर न बघता ते म्हणाले. "आणि सर, मागे तीन जणांनी नाव लिहिलंय. तुमचं चौथं लिहू?"

"देवराम, कूलर माझा आहे."

त्यांनी रजिस्टर उघडून माझ्यापुढे धरलं. "इथे तर निसर्गप्रेमी लिहिलंय."

आणि अशातच मॅडमनी आम्हाला सहकुटुंब चहाला बोलावलं. मी पोटदुखी सांगून बघितली. घरात डॉक्टर असल्यामुळे ती दोन मिनिटांत गेली.

मॅडमच्या दिवाणखान्यात शिरलो आणि अंगावर गार वारा आला. गिरिजाने डोळे मिटून घेतले. "किती बरं वाटतंय. आमच्याकडेही अगदी अस्साच आहे. सध्या सर्व्हिसिंगला गेलाय."

"हा वाचनालयाचा," मॅडम कौतुकाने म्हणाल्या. "कोणी तरी एवढी चांगली वस्तू दिली आणि नावही लावलं नाही. अशी मोठ्या मनाची माणसं आहेत अजून."

"खरंच मोठं मन," गिरिजा म्हणाली. "घरच्यांना विचारून दिला असेल ना?"

मी प्याजकचोरी तोंडात कोंबली. वल्लरी कूलरच्या मागे गेली होती. तिथून तिचा आवाज आला. "मम्मा, इथे माझं नाव आहे. मी सेकंडमध्ये असताना कंपासने लिहिलं होतं, तू मला रागावली होतीस."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, तसं मुख्याध्यापिकाच पाहू शकतात. गिरिजाने पाहिलंसुद्धा नाही. ते जास्त वाईट होतं.

"मी आत्ताच्या आत्ता घरी पाठवते, डॉक्टरसाहब," मॅडम म्हणाल्या.

"नको," गिरिजा शांतपणे म्हणाली. "घरी नेला तर आम्ही तिघं बसणार त्याच्यापुढे. तुमच्याकडे तुम्ही एकट्या. हॉस्पिटलात रोज उन्हाने चक्कर आलेली माणसं येतात, दुपारी त्यांना बसायला गार जागा नसते. हा वाचनालयाच्या हॉलमध्ये ठेवला तर? कॉलनीतले लोक दुपारी तिथे येतील. तेवढ्या घरांतले कूलर आणि एसी तीन-चार तास बंद राहतील."

मॅडमनी कप खाली ठेवला. "श्यामकांतजी, हे शिबिरात तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

सांगितलंही असेल. जेवणानंतरच्या सत्रात मला जरा डुलकी लागली होती.

घरी जाताना स्कूटरवर मी म्हणालो, "गिरिजा, चुकलं माझं. विचारायला हवं होतं."

ती म्हणाली, "मागितला असतात तर मीच दिला असता. पंपाचा भाग दिल्लीहून यायची गोष्ट मात्र मी हॉस्पिटलात सगळ्यांना सांगितली होती. रोज विचारतात, आला का म्हणून."

मे महिन्यात हॉलमध्ये जागा मिळेना. आज्या गवार मोडत पेपर वाचायच्या, भाजीवाले हातगाडी सावलीत लावून आत येऊन बसायचे, मुलं चित्रांची पुस्तकं घेऊन कूलरपुढे पालथी पडायची. आमेरच्या वाचनालयाची माणसं हे बघायला आली. सुट्टीच्या दिवशी गिरिजाही यायची आणि सगळ्यांना पाणी प्यायला लावायची.

जूनमध्ये समितीने ठरवलं की त्या अज्ञात निसर्गप्रेमीचा सत्कार करायचा. मी घरी आरशासमोर दोन वेळा 'मी निमित्तमात्र' असं म्हणून बघितलं. समारंभात शेखावत मॅडम माइकसमोर उभ्या राहिल्या. "हा कूलर डॉक्टर गिरिजाजींना त्यांच्या वडिलांनी दिलेला. तो त्यांनी सगळ्यांसाठी ठेवला. देणगीदार त्याच."

गिरिजाला शाल मिळाली, कडुनिंबाचं रोप मिळालं, आणि तिने पाच मिनिटं सुरेख भाषण केलं. फोटोसाठी कूलर मंचावर हवा होता, पण त्याचं एक चाक निखळलं होतं, म्हणून तो कलू नये यासाठी मी मागून धरून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी हिंदी पेपरात फोटो आला. मध्ये गिरिजा, डावीकडे मॅडम, उजवीकडे कूलर, आणि कूलरच्या कडेवर माझी चार बोटं. देवरामनी तो कापून वाचनालयाच्या फलकावर लावलाय. बोटं कोणाची म्हणून लोक विचारतात, तेव्हा ते सांगतात, "मेकॅनिक की."