पोळपाटाचा भूगोल

घर केव्हा बदलावे याचे मुहूर्त पंचांगात दिलेले असतात. प्राध्यापकांसाठी मात्र एकच मुहूर्त शुभ मानला जातो: सत्र ऐन भरात असावे, उत्तरपत्रिका तपासायच्या राहिलेल्या असाव्यात आणि मूल्यांकन समिती दारात असावी.

साताऱ्याच्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या चारुशीलाबाईंना हा मुहूर्त आपोआप लाभला. घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्यांना फ्लॅट ताबडतोब रिकामा हवा झाला. बाईंनी रजा मागितली. प्राचार्य उदार होते. "रजा मंजूर आहे," ते म्हणाले, "फक्त कॉलेजला येत जा." बाईंचे पती वरदराव एमआयडीसीत कारखान्यात होते, त्यांच्या साहेबांनी तर नव्या घराबद्दल अभिनंदनही केलं. (रजा दिली नाही.)

अशा वेळी शेजारचे निवृत्त सुभेदार केरबा पुढे आले.

"मॅडम, आमी अख्खी पलटण पठाणकोटवरनं हालवलीया. तुमच्या दोन खोल्यांचं काय घिऊन बसलाय? चाव्या द्या आन् कामाला जावा."

दोघे गेले. संध्याकाळी नव्या फ्लॅटवर पोचले (चौथा मजला, लिफ्ट 'लवकरच'), तर खोकी एका रांगेत सावधान उभी. प्रत्येकावर ठळक अक्षरांत नाव. वरदरावांनी 'अंथरूण' उघडलं. आत मिक्सर होता.

"बरोबर हाय," केरबा म्हणाले. "आत जे न्हाई, तेच भाईर लिवायचं. शत्रूला थांगपत्ता लागत न्हाई."

"पण शत्रू कोण?"

"त्येच तर ठावं न्हाई. म्हणून तर लय जपायचं."

पद्धत निर्दोष होती. 'चपला' लिहिलेल्या खोक्यात चपला नाहीत, एवढं छातीठोक सांगता येत होतं. आणि हल्ली एवढी तरी खात्री कोण देतं? पांघरायला पडदे मिळाले.

समिती आली त्या सकाळी बाईंना खोक्यांत गेलेले नकाशे आणि खडकांचे नमुने हवे होते. विभागाची श्रेणी घसरली तर पुढल्या वर्षी भूगोल बंद, असं प्राचार्यांनी बजावलं होतं. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. बाईंनी त्यातल्या त्यात जड खोकं ('उशा') निवडलं. जड म्हणजे खडक, हा तर्क शास्त्राला धरून होता.

वर्गात समितीसमोर खोकं उघडलं. आत पोळपाट, लाटणं, खलबत्ता, चाळणी, एक झाकण आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला कणकेचा गोळा. (रसद मागे सोडायची नाही, असा लष्करी नियम आहे.)

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. प्राचार्य भिंतीकडे बघू लागले. बाईंनी आता लाजायला हवं होतं. पण लाजायलाही थोडी ताकद लागते, आणि ती जिने चढण्यात संपली होती. त्यांनी पोळपाटावर कणीक थापली आणि दोन्ही बाजूंनी दाबली. मधे वळी उभी राहिली.

"हा हिमालय," त्या म्हणाल्या. मग चाळणीतून पाण्याचा पाऊस पाडला. "हे महाबळेश्वर." शेजारी झाकण ठेवलं. "आणि या झाकणाखाली माण तालुका."

मागच्या बाकावरचा, माणमधल्याच दहिवडीचा कृष्णात ताडकन उभा राहिला. "आवं मॅडम, आता कळलं! आमच्यावर झाकण हाय व्हय!"

अध्यक्ष गहिवरले. अहवालात 'गृहाधारित अध्यापन' असा नवा शब्द आला, विभागाला सर्वोच्च श्रेणी मिळाली आणि भूगोल वाचला.

पाठोपाठ आदेश निघाला की सर्व विभागांनी स्वयंपाकघराचा अवलंब करावा. गणिताला कुकर मिळाला (शिट्ट्या मोजणे). राज्यशास्त्राने लोणच्याची बरणी मागितली. तेल वर, फोडी खाली. बाईंची भांडी मात्र महाविद्यालयाची मालमत्ता ठरली आणि पोळपाटावर क्रमांक पडला.

"म्हणजे पोळ्या?" वरदरावांनी घाबरून विचारलं.

"लाटणं रविवारी घरी न्यायला परवानगी आहे."

दोघे जे हसत सुटले, ते केरबा भाकरी घेऊन दारात येईपर्यंत थांबले नाहीत.

तुम्हालाही हसू येत असेल. येऊ द्या. मागच्या आठवड्यात मुलाच्या शाळेने 'उपक्रमासाठी' करवंट्या मागवल्या, तेव्हा कशाला म्हणून तुम्ही विचारलं नाहीत. मुकाट्याने नारळ फोडत बसलात. आज डब्यात पुन्हा खोबऱ्याची वडीच आहे ना?